तंबोऱ्याभोवतीचा शनिवार

सकाळी ६

संध्याकाळी घरी बैठक आहे, म्हणून पहिलं काम तंबोऱ्याची गवसणी काढायचं. आषाढात पुण्याची हवा अशी दमट असते की लाकूड आणि भोपळा दोन्ही ओल धरतात, तारांचा ताण हलतो आणि रात्री जुळवून ठेवलेला तंबोरा पहाटे उतरलेला सापडतो. ज्या खोलीत वाजायचा तिथेच तो दिवसभर उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत तिथल्या हवेला सरावतो.

महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या एरंडवण्यातल्या घरी वीस-पंचवीस माणसं जमतात. कुणी गातं, कुणी चित्रं काढतं, कुणी प्रयोगशाळेत काम करतं आणि काही जण यातलं काहीही करत नाहीत, पण ऐकायला उत्सुक असतात. विषय असा निवडायचा की कलावंत आणि वैज्ञानिक दोघांनाही त्यावर हक्काने बोलता यावं. आजचा विषय आहे तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेखालच्या घोडीमुळे आणि दोऱ्यामुळे त्याच्या आवाजाला येणारा झंकार. मिरजेहून तंबोरे बनवणारे एक चाचा येणार आहेत आणि पुण्यातच भौतिकशास्त्र शिकवणारी, तरंगांवर काम करणारी एक प्राध्यापिका.

या बैठकीत मी एका गोष्टीवर अडून बसते: मधे वस्तू हवी. नुसतं ‘कला आणि विज्ञान’ म्हणून बोलायला बसलं की सौंदर्य, सत्य, सर्जन असे मोठे शब्द येतात, अर्ध्या तासात सगळ्यांचं एकमत होतं आणि कुणालाच नवं काही कळलेलं नसतं. मधे खरीखुरी वस्तू असली, मग ती कुंभाराचं चाक असो, रंगाचा खडा असो की तंबोरा, की प्रत्येकाला तिच्यावर बोट ठेवून बोलावं लागतं. मग मतभेदही खरे होतात.

सकाळी ७.३०

नारळ, कोथिंबीर, लिंबं, काकड्या, जास्तीचं दूध. पाऊस थांबलेला असतानाच जाऊन आले.

सकाळी ९

प्राध्यापिकेचा फोन. तिला व्याख्यानाची सवय. “ताई, पंधरा-वीस स्लाइड करून आणू का?” मी म्हटलं, स्लाइड नकोत, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सोनोमीटर आणता येतो का बघ. लाकडी पेटीवर ताणलेली एक तार आणि तिच्याखाली धारदार टेकू. बारावीला विज्ञान घेतलेल्या कितीतरी जणांनी त्याच्यावर कागदाचा घोडा उडवलेला असतो. ती हसली आणि तयार झाली. आवाजातल्या वेगवेगळ्या कंपनसंख्या रेषांच्या रूपात दाखवणारा प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर आहे. तो मात्र हवा, कारण त्यात जे दिसेल ते तिथल्या तिथे वाजलेलं असेल.

मग चाचांना फोन लावला. ते गाडीत होते. “ताई, प्रोफेसर लोकांपुढं मी काय बोलणार? हत्यारं घेतल्यात. काम करून दाखवतो.” त्यांना म्हटलं, तेवढंच करा.

अशा फोनांना मी घाई करत नाही. पाहुणा कशाला बिचकतोय ते सकाळीच कळलं, तर संध्याकाळी त्याला कुठे बसवायचं, त्याच्याकडे कधी वळायचं, हे ठरवता येतं. प्राध्यापिकेला भीती आहे की आपण फार सोपं करून सांगू. चाचांना भीती आहे की त्यांना बोलायला लावतील. म्हणून चाचांपासून सुरुवात होणार नाही आणि प्राध्यापिकेपासूनही नाही. सुरुवात तंबोऱ्यापासून.

सकाळी १०.३०

हा वाचनाचा तास, आणि दिवसातला माझा सर्वांत आवडता.

सी. व्ही. रामन यांचं नाव घेतलं की प्रकाशाचं विकिरण आठवतं, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते वाद्यांच्या मागे होते. १९१७पर्यंत ते सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते आणि कलकत्त्यात बहूबाजार स्ट्रीटवरच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’मध्ये कचेरीच्या आधी आणि नंतर प्रयोग करत. १९२०मध्ये त्यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर लिहिलं: एरवी ताणलेल्या कातड्याची कंपनं एकमेकांशी सुरेल नसतात, पण कातड्यावरच्या काळ्या शाईच्या वजनामुळे ती सुरेल पटींत येतात. त्यानंतर तंबोरा आणि वीणेवरचा लेख. तो असोसिएशनच्या नियतकालिकात १९२१-२२च्या खंडात आला. लेख जेमतेम पाच पानांचा आहे. त्यातला मुद्दा आज संध्याकाळी करूनच पाहायचा आहे, म्हणून मी तो दोनदा वाचला.

दुसरं वाचन आपल्याकडचं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१०मध्ये निघालं. स्वर कानाने ठरवायचा आणि तारेची लांबी मोजून तो आकड्यात पकडायचा, असं त्यांचं काम. गायला अब्दुल करीम खाँसाहेब आणि पुढे मदतीला ई. क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश. सरकारी अधिकारी, किराणा घराण्याचा गवई आणि परका न्यायाधीश एका तारेभोवती बसलेत, हे चित्र मला फार प्रिय आहे. त्यातून खास श्रुतींची पेटी, म्हणजे हार्मोनियम, तयार झाली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झाला, आणि पेटी काही रुजली नाही. पण वाद झाला तो एका वाद्यावर बोट ठेवून झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

घरात माणसं जमवून असं काही करणारे दुसरीकडेही होतेच. अठराव्या शतकात बर्मिंगहॅमला जेम्स वॅट, जोसेफ प्रीस्टली, चिनी मातीची भांडी करणारे जोसाया वेजवुड, वैद्य इरॅझमस डार्विन ही मंडळी एकमेकांच्या घरी भेटत, बऱ्याचदा मॅथ्यू बोल्टनच्या सोहो हाउसमध्ये. भेटीचा दिवस पौर्णिमेच्या जवळचा, कारण रस्त्यावर दिवे नव्हते आणि घरी परतताना चांदणं हवं. व्हिएन्नात बेर्टा त्सुकरकांडल यांच्या दिवाणखान्यात चित्रकार क्लिम्ट येत आणि बेर्टाचे पती एमिल हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या ओळखीतून क्लिम्टला सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी पाहायला मिळाल्या. मला यात यजमानाचं काम दिसतं. पौर्णिमेचा दिवस कुणीतरी पंचांग पाहून ठरवलेला असतो. आमच्याकडेही बैठक साडेआठला थांबते, म्हणजे कात्रज-हडपसरकडे जाणाऱ्यांना बस मिळते.

दुपारी १२.३०

खोली. सोफा भिंतीला सरकवला, मधे सतरंजी आणि तिच्यावर पांढरी चादर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या, बाकी सगळे खाली. पाहुण्यांनासुद्धा वेगळं आसन नाही. एकदा समोर टेबल मांडलं आणि त्याच्यामागे कुणाला बसवलं की उरलेले लोक आपोआप श्रोते होतात आणि प्रश्न विचारायच्या आधी घसा खाकरू लागतात.

मग आवाज. पंखा बंद ठेवायचा, म्हणजे खिडक्या उघड्या हव्यात. खिडक्या उघडल्या तर गॅलरीच्या पत्र्यावरचा पाऊस आत येणार. त्या पत्र्यावर जुन्या सतरंज्या पसरून दोरीने बांधल्या. फ्रिज दोन तास बंद: विजेच्या पन्नास हर्ट्झच्या प्रवाहामुळे त्याची जी घरघर होते ती शंभर हर्ट्झच्या आसपास असते, आणि आज खर्जाची तार एकशेचार हर्ट्झला लावायची आहे. शेजारच्या काकूंना सांगून आले की कुकर सहाच्या आत लावा. त्या म्हणाल्या, “लावते, आणि येतेच.” त्या दर वेळी येतात.

दुपारी ३

चाचा आले. भिजलेली पिशवी आधी पुसायला घेतली, मग स्वतःचं डोकं. जेवण वाढलं. जेवणाआधीच त्यांच्या हातात पाकीट दिलं: गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी. हे मी आधीच करते. कारागीर दुकान बंद ठेवून येतो. त्याला शाल-श्रीफळ देऊन पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. प्राध्यापकाला महिन्याचा पगार असतो, चाचांना आजचा दिवस भरून काढायचा असतो.

जेवून ते तंबोऱ्याशी बसले. पंढरपूरकडचा भोपळा आहे हे त्यांनी टकटक करून सांगितलं. मिरजेच्या कारागिरांना भोपळे तिकडून, भीमेच्या काठावरूनच येतात. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. “आता मिरजेच्या तंबोऱ्याला सरकारचा शिक्का मिळाला,” ते म्हणाले. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल. मी विचारलं, फरक पडला का? “नाव झालं. पोरं अजून बसत न्हाईत या कामाला.”

दुपारी ४.३०

दडपे पोहे. पाहुणे जास्त असले की हाच पदार्थ, कारण तो गरम वाढावा लागत नाही आणि यजमानाला ओट्याशी उभं राहावं लागत नाही. पातळ पोह्यांवर नारळाचं पाणी शिंपडून, ओलं खोबरं, कांदा, काकडी, लिंबू घालून दडपून ठेवायचे. फोडणी शेवटी. खाणं बोलण्याच्या नंतर, आधी नाही. कॉफीचं दूध जायफळ घालून तयार.

संध्याकाळी ५.३०

माणसं येऊ लागली. जिन्यात छत्र्या आणि चपला. मी दारात उभी राहते आणि प्रत्येकाला आत सोडताना अनोळखी माणसाशेजारी बसवते. गाणं शिकवणाऱ्या बाईंना एका रसायनशास्त्रज्ञाशेजारी, चित्रकाराला बँकेतल्या गृहस्थांशेजारी. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवणारी एक ताई पहिल्यांदाच आली होती. तिला अगदी पुढे, भोपळ्याजवळ जागा दिली.

ओळख करून देताना पदव्या सांगत नाही. नाव आणि सध्या कशात डोकं घातलंय, एवढंच.

संध्याकाळी ६

पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. चाचांनी चारही तारांखालचे जवारीचे दोरे काढून टाकले होते. गाणं शिकणारी एक मुलगी तंबोरा छेडत राहिली: पंचम, जोड, जोड, खर्ज. आवाज आला, पण बसका आणि आखूड. मग चाचांनी एकेका तारेखाली सुती दोरा सरकवला, नखाने पुढे-मागे केला. एका ठराविक जागी आवाज एकदम उघडला. खोलीत कुणीतरी ‘आहा’ म्हणालं. मागच्या खुर्चीवरच्या काकूंनी मान वर केली. बँकेतले गृहस्थ म्हणाले, “हे काय झालं?” बैठक सुरू झाली.

संध्याकाळी ६.२०

प्राध्यापिकेने आधी सोनोमीटर घेतला. तार बरोबर मध्यावर छेडली. लॅपटॉपचं चित्र भिंतीवर पाडलं होतं, तिथे रेषा उमटल्या: पहिली, तिसरी, पाचवी. दुसरी आणि चौथी जवळजवळ नाहीतच. तिने समजावलं की तार पूर्ण लांबीने हलते, तशीच अर्ध्यात, तिसऱ्या भागात, चौथ्या भागातही हलते. पण अर्ध्यात हलताना तिचा मध्यबिंदू स्थिर राहायला हवा, आणि आपण तर नेमका तिथेच बोट मारून तो हलवला. म्हणून ते कंपन उठत नाही. टॉमस यंगने दोन शतकांपूर्वी सांगितलेला नियम.

“आता तंबोरा. अगदी मध्यावर छेड.” मुलीने छेडला. दुसरी रेषा आली. चौथीही. वरच्या रेषा तर एकामागून एक उजळत गेल्या, नियमाला न जुमानता. रामन यांनी पाहिलं ते हेच.

इथे तिने खडू उचलला आणि मी मनात म्हटलं, आता समीकरण येतंय. पण तिने चाचांकडे पाहून विचारलं, “चाचा, तारांखालच्या घोडीचा वरचा भाग सपाट असतो का?”

“सपाट असली तर मुकी होती मॅडम. गोलाई पाहिजे. पण डोळ्याला दिसली तर ती जास्त झाली.”

चाचांनी घोडी काढून सगळ्यांच्या हातांतून फिरवली. खरंच, बोटाला गोलाई जाणवत नव्हती. त्या न दिसणाऱ्या उतारावर तार हलताना क्षणभर टेकते, क्षणभर उचलली जाते. दर कंपनात तिची मोकळी लांबी किंचित बदलते. त्या टेकण्या-उचलण्यातून मूळ स्वराची शक्ती वरच्या स्वरांकडे वळत राहते. पुढे फ्रान्समधल्या ध्वनिशास्त्रज्ञांनी हेच सोपं करून मांडलं: दोरा हा एक टेकू आणि घोडीची कड हा दुसरा. प्राध्यापिका म्हणाली, “गणितात या दोन टेकूंमधलं अंतर फार नाजूक आहे. केसाएवढं बदललं तरी उत्तर बदलतं.”

चाचांनी कानशीने दोनदा घासलं, काचपेपर फिरवला, घोडी बसवली, दोरा सरकवला. रेषा बदलल्या. पुन्हा घासणं. पुन्हा ऐकणं. चित्रकाराने विचारलं, “कुठे थांबायचं हे कसं कळतं?”

“तार सांगती. हात घाई करतो, त्याला कान थांबवतो.”

त्यांना बोलायला कुणीही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ७.०५

गाणं शिकवणाऱ्या बाई इतका वेळ गप्प होत्या. आता म्हणाल्या, “रेषा दिसल्या म्हणजे तंबोरा कळला असं मी मानणार नाही. विद्यार्थिनीला मी कितीतरी महिने नुसता जुळवायला बसवते. ते भिंतीवर कुठे आहे?”

अशा वाक्यासाठीच मी हा सगळा दिवस राबते. इथे यजमानाने मधे पडून गोड काही बोललं की सगळं वाया जातं. मी गप्प राहिले.

प्राध्यापिकेने विचारलं, “जुळला म्हणताना तुम्ही नेमकं काय ऐकता?”

बाई पुढे सरकल्या. जोडाच्या दोन्ही तारा फोनवरच्या ट्यूनरने हिरव्या दाखवल्या होत्या. बाईंनी त्या एकामागोमाग छेडल्या आणि म्हणाल्या, “ऐका, हलतंय.” खरंच, आवाज संथपणे फुगत-ओसरत होता. प्राध्यापिकेने घड्याळ लावून मोजलं: दोन सेकंदांना एक हेलकावा. म्हणजे दोन तारांत अर्ध्या हर्ट्झचा फरक. बाईंनी तारेतला मणी कणभर सरकवला आणि हेलकावा लांबत लांबत नाहीसा झाला. ट्यूनर जे पकडू शकला नव्हता ते कानाने पकडलं, आणि का पकडता आलं ते आकड्याने सांगितलं.

मग स्वयंभू गंधार. बाईंनी खर्ज छेडायला लावला आणि त्यातून ऐकू येणारा गंधार हळूच गाऊन दाखवला. भिंतीवर पाचवी रेषा: पाचशेवीस हर्ट्झ. प्राध्यापिकेने फोनवरच्या पेटीचा गंधार वाजवला: पाचशेचोवीसच्या आसपास. दोन्ही एकत्र येताच आवाज थरथरला, सेकंदाला चारदा. बाईंनी कानावर हात ठेवला. “हाच तो. पेटीबरोबर गाताना हाच टोचतो.” आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीला दार का बंद केलं होतं, देवल आणि क्लेमेंट्स नवी पेटी बनवायच्या मागे का लागले होते, हे त्या चार थरथरींत सगळ्यांना ऐकू आलं. बाईंनी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. मीही त्यांच्याच बाजूची आहे: जुळवणं भिंतीवर नसतंच, ते जुळवणाऱ्यात असतं. पण आता दोघी एकाच जागी बोट ठेवून बोलत होत्या.

संध्याकाळी ७.४०

कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या ताईने विचारलं, “भोपळ्यावर हात ठेवू? जवारी हाताला कळते का बघते.”

दोऱ्यासह आणि दोऱ्याविना, दोन्ही तऱ्हांनी तंबोरा छेडला. तिने डोळे मिटून तळवा टेकवला. तिच्यामागे रांगच लागली. उत्तर जवळपास सगळ्यांचं एक: खर्जाचा धक्का छान जाणवतो, पण दोरा आहे की नाही ते सांगता येत नाही. प्राध्यापिका म्हणाली, कातडीला साधारण हजार हर्ट्झच्या वरचं कंपन कळत नाही, आणि जवारीचा उजेड मुख्यतः त्याच्या वरचा. ताई थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या मुलांना खर्ज हाताला देता येईल आणि जवारी भिंतीवर दाखवता येईल. एकाच वेळी.” तिने प्राध्यापिकेकडून त्या प्रोग्रामचं नाव लिहून घेतलं. ही गोष्ट मला दिवसभरात सुचली नव्हती.

रात्री ८

फोडणी, पोहे, कॉफी. ताटल्या हातात आल्या की आवाज चढतात आणि छोटे घोळके होतात. हा वेळही कामाचाच. मी ताटली घेऊन फिरते आणि ज्यांनी तोंड उघडलं नाही त्यांच्याजवळ थांबते. बँकेतल्या गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्या आजोळी देव्हाऱ्याशेजारी एक तंबोरा वर्षानुवर्षं पडून आहे. चाचांनी लगेच विचारलं, “फुटलाय का नुसता मुका झालाय?”

रात्री ८.२५

जायची वेळ झाली तरी चाचा आणि प्राध्यापिका घोडीपाशीच. चाचांचा प्रश्न संध्याकाळभरातला सर्वांत कठीण निघाला. पूर्वी घोडीला हरणाचं शिंग किंवा हस्तिदंत असायचं. वन्यजीवांच्या कायद्यानंतर ते सुटलं, आणि सुटलं ते बरंच झालं असं तेच म्हणाले. आता प्लॅस्टिक किंवा शिसवासारखं लाकूड. “पण मॅडम, लाकडात तार लवकर खाच पाडती आणि प्लॅस्टिकचा आवाज काही गिऱ्हाइकांना पटत न्हाई. मधलं काय असंल?” तिच्याकडे उत्तर नव्हतं. पदार्थविज्ञानातल्या एका सहकाऱ्याला ती विचारणार आहे: किती कठीण, किती गुळगुळीत, किती झीज. मोजायचं मात्र चाचांच्याच कारखान्यात, त्यांच्याच हाताने घासलेल्या घोड्यांवर.

शेजारचे रसायनशास्त्रज्ञ म्हणाले, वेगवेगळी पॉलिमर कापून मिळवायची सोय मी बघतो. बाई म्हणाल्या, “आणि ऐकायला मी येते. तुम्ही कुठली घोडी कुठली ते मला सांगायचं नाही.”

रात्री ९.३०

चादर झटकली, फ्रिज सुरू केला, पत्र्यावरच्या ओल्या सतरंज्या न्हाणीघरात टाकल्या. चाचा आज इथेच राहणार, त्यांचं अंथरूण घातलं. मग वहीत तारीख टाकून लिहिलं: मिरज, पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार, पाच जण, घोड्या पाच पदार्थांच्या, प्रत्येकी दोन, सोनोमीटर, लॅपटॉप, सकाळची गाडी, परतीची तिकिटं आजच पाहायची.